साखर उतारा घटणेबाबत

मी शिरूरच्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. हे सांगितलं की समोरचा माणूस बहुतेक वेळा हात पुढे करतो, आणि तो हस्तांदोलनासाठी नसतो, तळवा वर असतो. संख्याशास्त्र आणि अंकज्योतिष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे घोडनदीच्या दोन्ही तीरांवर कुणाला मान्य नाही. आमचे शेजारी रोहिदास रांजणगावच्या एमआयडीसीत क्वालिटी विभागात आहेत, म्हणजे चांगले शिकलेले गृहस्थ. त्यांनीसुद्धा नवी गाडी घेताना मला विचारलंच, "सर, नंबरची बेरीज सहा येऊ द्यायची का नऊ?" मी त्यांना खाली बसवून संभाव्यता समजावून सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत मन लावून ऐकलं आणि उठताना म्हणाले, "म्हणजे नऊच."

अशा मुलखात मी लोकांच्या आरोग्याचं गणित मांडायला गेलो. हौस म्हणून गेलो नाही. प्रश्न माझ्या थोरल्या भावाच्या पायाचा होता.

आमचे दादा, म्हणजे हौसराव, दौंड तालुक्यात खुटबावला असतात. गाव त्यांना आप्पा म्हणतं. ऊस आहे, घर आहे, बोलण्याला वजन आहे आणि रक्तात साखर आहे. किती आहे म्हणाल तर गेल्या दिवाळीनंतर डाव्या पायाचा अंगठा काढावा लागला, इतकी. जखम भरली तेव्हा डॉक्टरांनी सरळ सांगितलं की आता रोज चाला, चहातली साखर बंद करा, ही मऊ चप्पल वापरा. नाहीतर पुढच्या खेपेला पाऊल जाईल. चप्पल निळ्या पट्ट्यांची होती. दादांनी ती घरी आणून माळ्यावर टाकली.

"असलं पायात घालून सोसायटीत जाऊ व्हय? लोक म्हनत्याल, आप्पा मोरीतनं तसंच उठून आलं."

चालण्याबद्दल त्यांचं म्हणणं असं, की बिनकामाचं हिंडायला ते काही बेकार नाहीत. अंगठा गेल्यापासून मोटरसायकलचा गिअर पडत नव्हता, म्हणून ते घराच्या पडवीत खाटेवर बसून राहिले आणि गाव त्यांच्याकडे येऊ लागलं. गाव आलं की चहा आला. आणि साखरेचा विषय मी काढला तेव्हा दादा म्हणाले, "समदं गाव ह्योच च्या पितंय. म्या एकट्यानंच काय घोडं मारलंय? गावाचं काय हुतंय ते सांग, मग माझं बोल."

दुसऱ्या कुणी हे बोलणं तिथंच सोडून दिलं असतं. मी संख्याशास्त्राचा माणूस. मला वाटलं, दादांनी अट घातली.

मग मी ठरवलं की गावाचंच सांगायचं. कॉलेजच्या संगणकावर मी एक प्रतिमान तयार करायला घेतलं. कल्पना अगदी सोपी. गावात इतकी माणसं. त्यातल्या इतक्यांनी चहात एक चमचा साखर कमी केली, इतके रोज अर्धा तास चालले, इतक्यांनी तंबाखू सोडली, तर पाच वर्षांनी गावातल्या किती जणांची साखर उतरेल, किती जणांचं हृदय टिकेल, किती पाय जागेवर राहतील. दादांना शहाणपण शिकवायचं नाही, फक्त गावाचा आलेख दाखवायचा. त्या आलेखात दादा आपसूक येणार होते.

हे मी घरात मांडलं तेव्हा अनुपमा, म्हणजे माझी बायको, भाजी निवडत होती. ती म्हणाली, "आधी स्वतःची माहिती भरा. कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला तुम्ही गाडी काढता."

मी तिला सांगितलं की प्रतिमान करणारा माणूस स्वतः प्रतिमानात नसतो. तो बाहेर उभा राहून बघतो.

"मग शेवेचा डबा पण बाहेरच ठेवा," ती म्हणाली. "आणि ते साखर-साखर काय लावलंय? शुगर म्हणा. लोक शुगर म्हणतात."

हे मात्र मला सहन झालं नाही. मराठी भाषा दिनाला कॉलेजात भाषण मी करतो. आपल्या भाषेत धडधडीत शब्द असताना शुगर कशाला? हा मुद्दा मी तत्त्वाचा केला. घरात तत्त्वाचा मुद्दा केला की पुढे जे जे होतं त्याची जबाबदारी आपल्या एकट्यावर येते, एवढं नवऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

रोहिदासांचा सल्ला वेगळा होता. "सर, टार्गेट द्या. टार्गेट दिल्याशिवाय माणूस हलत नाही. आमच्याकडं लाईनवर बोर्डच लावलाय, आज किती, उद्या किती. तुम्ही पण द्या, पाच वर्षांत साखर वीस टक्के खाली. प्रोजेक्टर मी आणतो." वीस टक्के हा आकडा असा आला. पुढे माझ्या प्रतिमानानं तोच आकडा दिला, यात रोहिदासांना काहीच नवल वाटलं नाही. नऊ नंबरची गाडीही त्यांना चांगलीच लाभली होती.

माहिती गोळा करायला मी दर रविवारी दुचाकीवरून न्हावरा, चौफुला करत खुटबावला जाऊ लागलो. गळिताचा हंगाम होता. पुढे उसाचे दोन-दोन ट्रेलर, मागे मी, आणि वरून पाचटाचा वर्षाव. मालनवहिनी माझ्याबरोबर घरोघर यायच्या. प्रश्न मी पुण्याच्या तज्ज्ञांना विचारून बनवले होते, आणि पहिल्याच घरात पहिलाच प्रश्न अडला. विचारलं होतं, माणशी किती चमचे साखर? बाई वहिनींकडे बघत राहिली.

"भावजी, माणशी कोन घालतंय?" वहिनी म्हणाल्या. "पातेल्याला घालत्यात. मानसं वाढली तर पानी वाढवायचं आन् साखर बी."

"पण किती?"

"ग्वाड लागंस्तवर."

ही राशी कोणत्या रकान्यात भरायची ते मला अजूनही सुचलेलं नाही. त्यावर मी साखर कमी करा असं सुचवून बसलो. पाहुण्याला फिका चहा देणं म्हणजे परत येऊ नका असं सांगणं. त्या बाईनं माझ्या कपात आणखी एक चमचा घातला, मी गैरसमज करून घेऊ नये म्हणून.

तंबाखूचं तसंच. धुरपदा मावशींना विचारलं, तंबाखू खाता का? त्यांनी कानाला हात लावला. दात आणि बोटं काळी झालेली, शब्द तोंडातल्या तोंडात. "न्हाई बाबा. आपन फकस्त मिश्री लावतो." मिश्री म्हणजे तव्यावर भाजलेली तंबाखूच, असं मी म्हणालो तर त्या म्हणाल्या, "भाजल्यावर कुटं ऱ्हाती तंबाकू?"

चालण्याच्या प्रश्नानं तर माझी झोप उडवली. एका गृहस्थांना विचारलं, "रोज चालतं का?"

"चालतंय आपलं."

"किती वेळ?"

"लाईट असली तर आठ तास."

रोज आठ तास चालणारा माणूस. माझ्या सगळ्या प्रतिमानात असा हिरा नव्हता. ते विहिरीवरच्या मोटारीबद्दल बोलत होते हे वहिनींनी परतीच्या वाटेवर सांगितलं. तोवर मी त्या गल्लीची सरासरी काढून बसलो होतो.

तरी मी नेटानं काम पुरं केलं. आता राहिला शिक्का. दादांचा आलेखावर विश्वास नाही, भावावर तर नाहीच नाही. पण सरकारी शिक्का असला की ते चष्मा लावतात. म्हणून आरोग्य खात्याच्या परवानगीनं समाजमंदिरात रीतसर कार्यक्रम घ्यायचा असं मी ठरवलं. शिरूरला म्हणाले, गाव दौंड तालुक्यात, तिकडे जा. तिकडे म्हणाले, अर्जदाराचा पत्ता शिरूरचा, इकडे का आलात? नदीच्या या बाजूनं मी बाहेरचा आणि त्या बाजूनंही बाहेरचा. शेवटी एका कचेरीत काम झालं. कोणत्या ते सांगत नाही, माझं पेन्शन अजून व्हायचं आहे.

आवक-जावक बघणाऱ्या गृहस्थांनी अर्ज घेतला आणि विषय वाचला. विषय मी लिहिला होता, 'आरोग्यविषयक वर्तनातील बदलांमुळे लोकसमूहाच्या आरोग्यस्थितीवर होणाऱ्या संभाव्य परिणामांचे गणिती प्रतिमान'. त्यांनी तो दोनदा वाचला. मग रजिस्टर माझ्याकडे वळवून रकान्यावर अंगठा ठेवला.

"सर, रकाना येवढा हाय."

"मग काय करायचं?"

"थोडक्यात सांगा. काय वाढनार हाय का कमी हुनार?"

"कमी होणार."

"काय कमी हुनार?"

"साखर. पाच वर्षांत वीस टक्के उतरणार."

"मग आसं सांगा की," ते म्हणाले, आणि सुवाच्य अक्षरात त्यांनी विषय लिहिला: 'साखर उतारा पाच वर्षांत वीस टक्के घटणेबाबत'. परवानगीच्या पत्रावर तोच विषय आला, खाली शिक्का, आणि मार्गदर्शक म्हणून माझं नाव.

आता मी उसाच्या घरात जन्मलो आहे. शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली त्याला उतारा म्हणतात, तो दहाच्या आसपास असतो, उताऱ्यावर उसाचा भाव ठरतो, आणि उतारा घटला असं कारखान्यानं म्हटलं की गावात चुली पेटत नाहीत, हे मला बाळपणापासून माहीत आहे. पण दोन तालुक्यांच्या चकरा मारून थकलेल्या माणसाला शिक्का दिसला की दुसरं काही दिसत नाही. मला वाटलं, साखर उतरणार, म्हणून उतारा. शिवाय उतारा म्हणजे इलाज. गृहस्थांना भाषेची जाण आहे असंसुद्धा माझ्या मनात येऊन गेलं.

ते पत्र ग्रामपंचायतीत लागलं आणि कुणीतरी त्याचा फोटो काढून मोबाइलवर गावोगाव पाठवला. पुढचं तुम्ही जाणताच.

कार्यक्रमाच्या दिवशी समाजमंदिर भरून लोक बाहेर पायरीवर उभे होते. आरोग्याच्या शिबिराला आमच्या गावात चार म्हाताऱ्या येतात, त्यातल्या दोन चष्मा फुकट मिळेल म्हणून. इथं शेजारच्या तीन गावांतून ट्रॅक्टर आले होते. मला भरून आलं. पहिल्या रांगेत दादा, कडक इस्त्रीची टोपी घालून, आजूबाजूला बघत, "माजा धाकटा. पोपेसर हाय." रोहिदास प्रोजेक्टरची वायर लावत म्हणाले, "सर, अटेंडन्स बघा." मी उभा राहिलो आणि मनात म्हणालो, हा समाज उगाच बदनाम आहे.

"बंधू-भगिनींनो," मी सुरुवात केली, "आज आपली साखर धोक्याच्या पातळीवर आहे."

सगळीकडे माना हलल्या. इतक्या लवकर सभा हातात आलेली मी कधी पाहिली नव्हती.

"गेल्या साली दहा बी लागली न्हाई," मागून कुणीतरी म्हणालं.

"दहा?" मी म्हणालो. "अहो, इथं बसलेल्या काहींची चारशेच्या पुढं आहे."

यावर कुजबुज झाली. चारशे कोणाची, असं लोक एकमेकांना विचारू लागले. मी आवाज चढवला. "आणि एवढी साखर कुठं जिरते ते कळतसुद्धा नाही."

"जिरत न्हाई सर, जिरवत्यात!"

टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर वक्त्यानं अर्थ शोधत बसू नये, मीही बसलो नाही. रोहिदासांना खूण केली. भिंतीवर आलेख उमटला. डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी लाल रेघ, आणि खाली ठळक अक्षरात 'साखर : २० टक्के घट'. मागचे उभे राहून वाचू लागले.

"ही रेघ खाली आली पाहिजे," मी म्हणालो. "आणि ती आपणच सगळ्यांनी मिळून आणायची आहे."

"आमीच?" एक म्हातारा उठून उभा राहिला. "आमीच खाली आनायची?"

"तुम्हीच. दुसरं कोण आणणार? फार काही करायला नको. घरटी एक चमचा कमी झाला तरी पुरे."

"घरातलं कशाला?" पायरीवरून आवाज आला. "आदी कारखान्यावरचं चमचं कमी करा की!"

पुढचं नीट आठवत नाही. उतारा, वजनकाटा, भाव असे शब्द हवेत होते. मी "रक्तातली, रक्तातली" असं ओरडत होतो, आणि लोक म्हणत होते की रक्तच तर शोषताय. एका गृहस्थांनी शांतपणे उभं राहून विचारलं, "सर, कारखान्यानं किती दिलं तुमास्नी?" त्या शांत प्रश्नावर सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आणि कुणीतरी खालच्या आवाजात म्हणालं, "हौसरावआप्पाचा भाऊ फुटला."

दादा उठले. मला वाटलं, आता ते बोलतील. आप्पा बोलले की गाव ऐकतं. दादांनी टोपी काढली, झटकली, परत घातली आणि माझ्याकडे न बघता दारातून बाहेर गेले. गर्दीनं त्यांना वाट दिली. अंगठा नसलेला पाय ते जरा ओढत होते. ते मला फार लागलं.

तरी मी माईक धरला होता. एकदा समजावून सांगितलं तर अजून सावरेल असं मला वाटत होतं. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी हाक दिली, "लाईट आली!" सभा मोडायला लाईट जावी लागते हा शहरी समज आहे. आमच्याकडे शेतीची थ्री-फेज लाईट आली की सभा मोडते. बघता बघता समाजमंदिर रिकामं झालं, सगळे आपापल्या मोटारी चालू करायला धावले, आणि लाल रेघेसमोर मी, रोहिदास आणि एक झोपलेलं मूल एवढेच राहिलो. मुलाला न्यायला त्याची आई परत आली तेव्हा तिनंही माझ्याकडे फुटलेल्या माणसाकडे बघावं तसंच पाहिलं.

परतताना रोहिदास म्हणाले, "सर, रूट कॉज काढू." मी म्हणालो, रूट कॉज गाडी चालवतोय, त्याला चालवू द्या.

आमची अब्रू आमच्याआधी शिरूरला पोचली होती. बाजारसमितीत, एसटी स्टँडवर, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मी उतारा पाडणारे सर झालो. एका कारखान्याच्या शेतकी खात्यातून फोन आला. कोण्या साहेबांनी फार आदरानं विचारलं की सर, आपला अंदाज कशावर बेतलाय, उसाच्या जातीवर की पावसावर? मी म्हणालो, मिश्रीवर. फोन ठेवला गेला. अनुपमा "शुगर" हा शब्द एकदाही बोलली नाही. फक्त चहा देताना कपाजवळ साखरेचा डबा ठेवायची आणि म्हणायची, "उतारा तुमच्या मनानं."

हे सगळं मी सोसलं असतं. पण दादा फोन घेत नव्हते. मी केला की तो वाजून वाजून बंद व्हायचा. वहिनी उचलायच्या आणि "बरं हायती" एवढं म्हणून ठेवायच्या. ज्याचा पाय वाचवायला निघालो त्यालाच मी गावात खाली मान घालायला लावली होती. आता तो माणूस अपमानानं खाटेवर पडून राहणार, गोड चहा पीत राहणार, आणि एक दिवस पुण्याच्या कुठल्या तरी इस्पितळातून फोन येणार, हे मला गणिताशिवाय दिसत होतं. मला भीती वाटत होती, दुसरा शब्द नाही.

मी कामाला लागलो. त्याच कचेरीत गेलो आणि शुद्धिपत्रक मागितलं. शुद्धिपत्रकासाठी अर्ज, अर्जासाठी मूळ पत्राची प्रत, प्रतीसाठी आणखी एक अर्ज. आवक-जावकवाल्या गृहस्थांना माझ्याबद्दल सहानुभूती होती. ते म्हणाले, "सर, तवाच बोलायचं की. माजा बी ऊस हाय. मला बी धसका बसला हुता." खूप खेटे घातल्यावर कागद मिळाला: 'साखर उतारा याऐवजी रक्तशर्करा असे वाचावे'. खाली शिक्का. मी तो कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला, आणि कितीतरी दिवसांनी ताठ मानेनं स्टँडवरून गेलो.

दुसऱ्याच दिवशी वहिनींचा फोन आला.

"भावजी, येऊन जावा. ह्यांचं काय चाललंय ते तुमी डोळ्यांनी बघा."

"पाय?" मी विचारलं.

"पायच," त्या म्हणाल्या. मागे कुकरची शिट्टी झाली आणि फोन कट झाला.

त्या दिवशी चौफुल्यापर्यंत मला एकही ट्रेलर दिसला नाही. असतील, मी बघितले नाहीत. घरी पोचलो तर पडवीतली खाट रिकामी. वहिनी घरात नाहीत. मी दोनदा हाक मारली. शेजारच्या बाईनं हातानंच लांबच्या वस्तीकडे दाखवलं. मी गाडी तशीच सोडून उसाच्या कडेकडेनं निघालो.

वस्तीवर झुंबरबाई म्हणून आहेत, त्यांच्या ओट्यावर दादा बसले होते. पायात निळ्या पट्ट्यांची चप्पल.

"झुंबरबाय, नीट ऐका," दादा सांगत होते. "ऊस येगळा आन् रगत येगळं. माजा भाव बोलला ती रक्तातली साखर. कारखान्याचा आन् त्येचा काय संबंद न्हाई. आता हे बगा." त्यांनी चप्पल काढून पाऊल पुढे केलं. "कारखान्याची साखर आसती तर माजा अंगठा ग्येला आसता का?"

झुंबरबाईंनी पाऊल नीट निरखलं. "आता आप्पा, कारखाना काय काय न्हेतोय, आमाला काय ठावं?"

"म्हंजी अजून पटंना तुमास्नी?"

"च्या घ्या, मग बगू."

"बिनसाखरंचा," दादा म्हणाले.

मी जवळ गेलो. दादांनी मला बघितलं, आणि चेहऱ्यावर ना राग ना आनंद, जरा दमलेल्या माणसाचं समाधान. "आलास व्हय सुदा? तोंड लपवून बसलास शिरूरला. हितं मी दारोदार हिंडतोय. सकाळ-सांज."

"चालत?"

"मग? गिअर पडत न्हाई, पोरगं उसाच्या तोडीत गुतलेलं. माज्या भावाला गाव फुटला म्हनतंय आन् मी खाटंवर बसू? ह्या वाटंला त्या वहाना चावत्यात, म्हनून ही घाण काडली माळ्यावरनं."

"आणि बिनसाखरेचा चहा?"

दादांनी माझ्याकडे कीव करून पाहिलं. "साखर वाईट म्हनून सांगायचं आन् त्येंच्याच दारात ग्वाड च्या ढोसायचा? उद्या म्हनत्याल, आप्पा बी फुटला. तुज्या त्या रेगंनं काय बी झालं न्हाई बग. अजून निम्म्या गावाला पटलेलं न्हाई."

मी खिशाला हात घातला. "दादा, आता हिंडायची गरज नाही. शुद्धिपत्रक आणलंय. शिक्क्यासकट. ग्रामपंचायतीत लावू, एका दिवसात सगळ्या गावाला—"

"आरं देवा," मागून वहिनी म्हणाल्या. त्या धापा टाकत आल्या होत्या. "ह्ये थकलं आसतील, भावजी, तुमी जरा घरला चला, मला गॅसची टाकी लावून द्या."

मी आयुष्यात कुणाची गॅसची टाकी लावलेली नाही आणि वहिनींना ते ठाऊक आहे. तरी गेलो. घरात शिरताच त्यांनी फळीवरून रिपोर्ट काढून माझ्या हातात दिला. साखर निम्म्यावर आली होती. "डाक्टर म्हनलं, पाय ऱ्हातोय. आसंच चालू द्या म्हनलं." त्यांनी पदरानं डोळे टिपले, आणि लगेच माझ्या खिशाकडे बोट केलं. "तो कागद घालून ठिवा आत."

"पण वहिनी, गावाचा गैरसमज—"

"गावाला कवाच पटलंय. पयल्या पंधरवड्यातच पटलं." त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "मीच घराघरात सांगून आलीया, आप्पा आलं की पटलं म्हनू नका. ज्या दिशी समद्यास्नी पटंल, त्या दिशी हे परत खाटंवर. झुंबरबाय तर तिसऱ्यांदा पटवून घेती. तुमी कवातरी येऊन खुलासा करत बसाल आन् घोळ घालाल, म्हनून आदीच बोलवलं."

मी चुलीपाशी उभा राहिलो. इतकं मोठं गाव, ज्यानं मला साखरेचा एक आकडा नीट दिला नाही, ते एका बाईच्या सांगण्यावरून महिना-दीड महिना एकसारखं वागत होतं. माझ्या प्रतिमानात याला रकाना नव्हता. 'धाकट्या भावानं घालवलेली अब्रू' असा रकाना घालावा म्हटलं तर प्रत्येक घराला माझ्यासारखा एक भाऊ पुरवावा लागेल, आणि तो कोणत्याही खात्याला परवडणार नाही.

"आणि माझं नाव?" मी शेवटी विचारलं. "मी कुठवर कारखान्याचा माणूस राहायचं?"

वहिनींनी रिपोर्ट परत फळीवर ठेवला. "तुमचं नाव शिरूरला हाय की."

शिरूरला ते कसं आहे हे मी त्यांना सांगितलं नाही.

संध्याकाळी दादा मला फाट्यापर्यंत पोचवायला आले. चालत. मी गाडी ढकलत त्यांच्याबरोबर निघालो, कारण बसा म्हटलं तर ते बसले असते. ते पुढे झपाझप चालत होते आणि मला धाप लागली होती. फाट्यावरच्या टपरीपाशी तेच शांत गृहस्थ उभे होते, सभेतले. त्यांनी मला बघितलं, मग दादांच्या पायाकडे बघितलं, आणि मोठ्यानं विचारलं, "काय सर, कारखान्याची मोटार न्हाई आली व्हय न्ह्यायला?"

"थांब, ह्येला सांगतोच," दादा म्हणाले आणि रस्ता ओलांडून तरातरा निघाले. निळ्या पट्ट्यांचा चटक-चटक आवाज येत होता. टपरीवाल्यानं न सांगता बिनसाखरेचं आधण ठेवलं. अर्ध्या वाटेत दादा वळले. "सुदा, आरं तू बी बोल की! सांग ह्येला, कसली साखर ती!"

गृहस्थ दादांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होते. टपरीवरचे सगळेच बघत होते. शुद्धिपत्रक खिशात कुरकुरलं, अगदी छातीवर.

मी मान खाली घातली, आणि जमेल तितका विकला गेलेला चेहरा केला.